पुढची दोन चाकं

‘साहेब, तुम्ही खोटं लिहिलं आहे, आणि तेही सहीशिक्क्यानिशी.’

अर्जाची पहिली ओळ अशी नसते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ‘सविनय’ने सुरुवात करायची, ‘कृपया’ने पान भरायचं आणि ‘आपली नम्र’ म्हणत खाली वाकायचं, असे सात अर्ज तिने आधी केले होते. आठव्याच्या वेळी नम्रपणा घरीच राहिला.

खिडकीतल्या कारकुनाने ओळ वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्या हातांकडे बघितलं. नखांत काळं ग्रीस होतं.

“बाई, हे बदलून आणा.”

“तुमचं पत्र बदलून द्या, मग मी माझं बदलते.”

कारकुनाने शिक्का उचलला आणि मारला. मागे रांगेत अकरा माणसं होती आणि त्याला जेवायला जायचं होतं.

त्या पत्राची गोष्ट अशी. डोंगराच्या वरच्या वस्तीत तिचं गॅरेज. खरं तर भावाचं. तीस वर्षं तो गाड्यांच्या पोटाखाली झोपला आणि मग त्याच्या मूत्रपिंडांनी हात वर केले. तेव्हापासून तो स्टुलावर बसून हुकूम सोडायचा आणि ती गाडीखाली शिरायची. वस्ती तिला गॅरेजवाली म्हणे, भाऊ चिमटी म्हणे. लहानपणी ती चिमटे काढायची म्हणून. आता बोलून काढते, असं त्याचं म्हणणं.

आठवड्यातून दोनदा त्याला खालच्या दवाखान्यात मशीनवर न्यावं लागायचं. चार तास रक्त धुऊन घ्यायचं आणि परत वर यायचं. उतरताना काही अडचण नव्हती. चढताना मधल्या वळणावर एक झरा बारा महिने पाझरतो, आणि तिथली लाल माती ओल्या साबणासारखी होऊन बसते. त्यांच्या जुन्या पिकअपला ओढ फक्त मागच्या दोन चाकांची. ती चाकं तिथे जागच्या जागी गरगर फिरत आणि पुढची दोन पाहुण्यासारखी नुसती बघत बसत.

मग चालायचं. मशीनवरून आलेल्या माणसाच्या पायांत जीव नसतो. बहिणीच्या खांद्यावर हात टाकून दोन किलोमीटर चढण. एकदा तो अर्ध्यातच चिखलात बसला.

“चिमटे, पुढच्या वेळी मी येत नाही. त्या मशीनला सांग, वाट बघू नको.”

“तूच सांग. माझं कोण ऐकतंय?”

बोलून गेली आणि तिने वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं. कारण भाऊ चेष्टा करताना नाक खाजवायचा, आणि त्या दिवशी त्याने नाक खाजवलं नव्हतं.

तिने वरच्या वस्तीसाठी चारही चाकांना ओढ असलेली रुग्णवाहिका मागितली. उत्तर आलं: ‘सदर रस्ता सर्व वाहनांस वाहतुकीयोग्य असल्याने विशेष वाहनाची आवश्यकता नाही.’ रस्ता दुरुस्त करून मागितला. तेच उत्तर, तारीख तेवढी नवी. सात अर्ज, सात वेळा तोच वाहतुकीयोग्य रस्ता.

“बरं,” ती म्हणाली, “मग पुढच्या चाकांना मीच कामाला लावते.”

भंगारवाल्याकडे त्यांच्याच पिकअपची जुळी बहीण पडली होती. कंपनी तीच, मॉडेल तेच, फक्त चारही चाकांना ओढ असलेली. दरीत कोलांटी खाऊन टप सपाट झाला होता, पण खालचा माल शाबूत. तिने पुढचा अ‍ॅक्सल काढला, गिअरबॉक्सच्या मागे बसते ती ताकद वाटून देणारी पेटी काढली, पुढची चाकं जोडणारा लिव्हर काढला. सोळा दिवस पिकअप लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. दवाखान्याला जाताना शेजाऱ्याची जीप मागायची आणि आल्यावर परत गाडीखाली. पेटीला जागा करायला चासीचा आडवा पट्टा कापून मागे नेला. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा फिरता शाफ्ट आखूड करून घेतला. भाऊ स्टुलावरून बोलतच होता.

“वेल्डिंग आहे की शेणाचं लिंपण?”

“तूच शिकवलंयस.”

“मी वेल्डिंग शिकवलं होतं.”

सतराव्या दिवशी गाडी जमिनीवर आली. तिने लिव्हर पुढे ढकलला आणि गॅरेजसमोरच्या सिमेंटवर सरळ वीस पावलं गाडी नेली. गाडी चालली, पण दात खात. अंगभर थरथर, खालून कटकट आवाज, आणि लिव्हर मागे घ्यायला गेली तर तो जागचा हलेना. जणू पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांची गचांडी धरून उभे होते.

ती उतरली. भावाकडे बघितलं. तो स्टुलावरून वाकून गाडीखाली बघत होता.

“दादा?”

“मागचे दात मोजलेस?”

“कशाला मोजू? कंपनी एक, मॉडेल एक.”

“मागच्या अ‍ॅक्सलमधली क्राऊन-पिनियनची दातेरी जोडी कंपनीची नाही.” तो सिमेंटकडे बघत म्हणाला. “तू सासरी होतीस तेव्हा दगडाच्या खेपा मारायचो. चढाला जोर मिळावा म्हणून मीच बदलली. विसरलो गं.”

न मोजता काही बसवायचं नाही, हा त्या गॅरेजचा पहिला नियम. तो नियम घालणाऱ्यानेच स्वतःच्या गाडीत चोरून फेरफार केला होता, आणि नियम पाठ असलेलीने घरचीच गाडी म्हणून मोजणं सोडलं होतं. तिने मागची चाकं जॅकवर उचलली, दोन्हींवर खडूची रेघ ओढली आणि एक पूर्ण फेरा दिला. शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरला. पुढे तेच केलं तर चारच्या जरा वर. इंजिन एक, आणि पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा. गाडी दात खाईल नाही तर काय करेल.

“मला शिव्या दे,” भाऊ म्हणाला.

“देते. आधी भंगारवाल्याने त्या जुळीचा मागचा अ‍ॅक्सल कापलाय का बघून येते.”

कापला नव्हता. कापायला खडूने आखून ठेवला होता. तिने त्या आखणीवर हात ठेवला आणि तो अख्खा उचलायला लावला. तो मोजून बसवण्यात आणखी पाच दिवस गेले. मग पिकअप मधल्या वळणावर आली, लिव्हर पुढे गेला, चारही चाकांनी चिखलाला नखं लावली आणि गाडी वर चढून गेली. भाऊ खिडकीबाहेर बघत होता आणि नाक खाजवत होता.

“काय झालं?”

“काही नाही. मशीनला सांग, शुक्रवारी येतो.”

दोन महिने त्याचा एकही वार चुकला नाही. मग तपासणीच्या नाक्यावर पिकअप अडवली गेली, आणि आठवड्याभरात पत्र आलं: ‘सदर रस्ता वाहतुकीयोग्य असल्याने वाहनात केलेल्या बदलाची आवश्यकता दिसून येत नाही. वाहन पंधरा दिवसांत मूळ स्थितीत आणावे, अन्यथा जप्त करण्यात येईल.’

बदल मजबूत आहे का, ब्रेक नीट आहेत का, असं काही विचारलं असतं तर तिने गाडी उलटी करून दाखवली असती. ते कुणी विचारलं नाही. ज्या वाक्याने रुग्णवाहिका नाकारली, त्याच वाक्याने तिची पिकअप मोडायला सांगितली होती. म्हणून आठवा अर्ज. आणि त्यात एकच मागणी: प्रत्यक्ष येऊन बघा.

पंधराव्या दिवशी तपासनीस आला. बूट चकचकीत, काखेत फाइल. त्याची स्वतःची गाडी डोंगराच्या पायथ्याशीच थांबली.

“रस्ता चांगला आहे ना, साहेब? आणा की वर.”

“सरकारी गाडी आहे. खालून घासते.”

“मग आमच्यात बसा. दवाखान्यातूनच येतोय.”

तिघं पुढच्याच बाकावर बसली. ती स्टिअरिंगवर, मध्ये हाताला पट्टी बांधलेला भाऊ, खिडकीशी तपासनीस. निघताना तिने लिव्हर मागे असल्याचं तपासनिसाला हात लावून दाखवलं.

“बघा, दोनच चाकं. तुमच्या पत्राप्रमाणे, मूळ स्थिती.”

वळण आलं. मागची चाकं ओरडली, लाल चिखल टपावर उडाला, गाडी हातभर वर गेली आणि दोन हात मागे सरकली. तिने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावले आणि परत येऊन बसली. तपासनिसाने दार उघडलं, खाली बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं.

“तो लिव्हर ढकला ना,” तो म्हणाला.

“जप्त होईल गाडी.”

“आत्तापुरता ढकला. बाकीचं कार्यालयात गेल्यावर बघू.”

तिने इंजिन बंद केलं. झऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

“सात वेळा बघून झालंय कार्यालयात.”

“हे बघा बाई, हे पेशंट आहेत. यांना असं ताटकळत ठेवायचं?”

“माझी काळजी करू नका, साहेब,” भाऊ म्हणाला. “मी आत्ताच रक्त धुऊन आलोय. मला तीन दिवस पुरतं. तुमचं काय ते बघा.” आणि त्याने नाक खाजवलं.

तिने रुग्णवाहिका नाकारणारं आणि गाडी मोडायला सांगणारं अशी दोन्ही पत्रं काढली आणि समोरच्या काचेखाली शेजारी शेजारी ठेवली. त्यांच्यावर आपल्या आठव्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत ठेवली. पानाच्या तळाशी तिने मुद्दाम चार बोटं जागा कोरी सोडली होती.

“रस्ता चांगला असेल तर तसं लिहा, मी लिव्हरला हात लावत नाही, तुम्ही इथून चालत जा. चारही चाकं लागत असतील तर ते लिहा, आत्ता वर नेते. दोन्ही खरं असू शकत नाही. खाली सही, तारीख आणि जागा. जागा म्हणून हे वळण लिहा.”

तिने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. त्याच्या टोपणालाही ग्रीस होतं. तिने ते भावाच्या पट्टी बांधलेल्या हातावरून तपासनिसापुढे धरलं.

“दोन चाकं की चार, साहेब?”