फटफटीची खांदशेकणी

मी फटफटी बोलतेय. दचकू नका, माझं इंजिन केव्हाच थंड झालंय. आता नुसती जीभ तेवढी चालते, तीही माझ्या खोगिरावरची खुडूक कोंबडी चालू देईल तेव्हाच. ती मला आपलं खुराडं समजते. काय करणार, एकेकदा वेळच अशी येते!

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबईला उतरले आणि एका गोऱ्या साहेबाबरोबर वऱ्हाडात आले. त्याला दौऱ्याचं भारी वेड. आज कारंजा, उद्या मंगरूळपीर, परवा वाशीम. पावसाळ्यात काळी माती चाकांत अशी गच्च बसायची की साहेब मला खांद्यावर घ्यायचा बाकी राहायचा. तेव्हा तो मला ज्या शिव्या द्यायचा त्या मी अजून विसरलेले नाही. विलायतेला परतताना मेल्यानं कुत्र्याला बरोबर नेलं आणि मला विकायला काढलं.

तेव्हा मला उकंडरावानं पाहिलं. शेलूबाजारजवळच्या खेड्यातला खातापिता शेतकरी, मिशा झुपकेदार, अक्कल बेताची. पाहताक्षणी भुलला. तसाच घरी गेला, गोठ्यातली पाखऱ्या-चांद्याची जोडी सोडून चुलतभाऊ मारोतरावाला विकली आणि मला घेऊन आला. ही जोडी त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, माहेराहून वासरं असताना आणली होती. स्वतःच्या हातानं पाजून वाढवली होती. त्या संध्याकाळी ती दारात आली, रिकाम्या दावणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पोटच्या लेकरावानी जोडी देल्ली अन् हे मुकं लोखंड आनलं?"

"मुकं? थांब, बोलून दाखोतो!" उकंडराव म्हणाला आणि त्यानं मला धावत ढकलून चालू केलं. मी अशी बोलले की अख्ख्या आळीची कुत्री शेतात पळाली. चतुराबाई मात्र जागची हलली नाही. त्या दिवसापासून उकंडरावाच्या भाजीत मीठ नव्हतं. त्यानंही विचारायची हिंमत केली नाही.

मला चालवायचं म्हणजे खायचं काम नव्हे. उजव्या हाताला एक कळ, डाव्या हाताला दुसरी, वरून थोड्या थोड्या वेळानं हातपंपानं इंजिनाला तेल पाजायचं. उकंडराव यातलं काहीएक लक्षात ठेवायचा नाही. थांबायचं असलं की कळ दाबायची सोडून "हो, हो, हो!" असं बैलासारखं ओरडायचा. मग आम्ही दोघं कुणाच्या तरी कुंपणात. एकदा धोतराचा सोगा चाकात गेला आणि आम्ही मंगरूळपीरच्या बाजारात पोचलो तेव्हा फटफटीवर बसलेल्या माणसाकडे लोक पाहत होते, फटफटीकडे कुणी पाहतच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एवढी नटूनथटून गेले होते!

माझ्या दुखण्याखुपण्याला मंगरूळपीरचा बदरुद्दीन मिस्त्री यायचा. त्याचा हात लागला की मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं. एकदा त्यानं माझा पट्टा पुसून नीट बसवला. रबराचा हा लांब पट्टा इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवतो. उकंडराव तेव्हा ओट्यावर बसून चार जणांना आपल्या सफरीच्या गप्पा हाणत होता, म्हणून बदरुद्दीननं चतुराबाईला सांगितलं, "भाबी, हा पट्टा कोरडा पायजे. तेला-तुपाचं बोट लागलं तं इंजिन नुसतं बोंबलन, चाक काही चढावर चढनार नाही."

"असं व्हय?" चतुराबाई म्हणाली. मग जरा थांबून, "लोन्यानं बी?"

"लोन्यानं तं आनखीनच!"

ती स्वयंपाकाला लागली. आणि त्या दिवशी उकंडरावाच्या भाजीत मीठ पडलं.

श्रावण सरत आला. गावात पोळ्याची गडबड सुरू झाली. आमच्या गावचा रिवाज असा की तोरणाखालून पहिली जोडी जाते ती उकंडरावाच्या घरची. आज्या-पणज्यापासूनचा मान. पण यंदा जोडी कुठं होती? ती तर मारोतरावाच्या गोठ्यात रवंथ करत होती. मारोतराव मिशांना तूप लावून सांगत फिरायला लागला, "जोडी माही, मान बी माहाच!"

उकंडरावाच्या तोंडचं पाणी पळालं. बापजाद्यांचा मान आपल्या हातानं घालवला, हे त्याला आत्ता कळलं. पण हटेल तो उकंडराव कसला! पंचांपुढे जाऊन म्हणाला, "माही फटफटी जाईन तोरनाखालून. बैलाहून काय कमी हाय ते?"

सगळे हसले. पण गावचा म्हातारा पंच दौलतसिंग मोठा खोडकर. तो म्हणाला, "जाऊ दे. पन आपल्या दमावर गेली पायजे. मंधात अडली तं मान मारोतरावचा. अन् बैलाचा मान घ्याचा तं बैलाची रीत बी करा लागते. आदल्या दिवशी खांदशेकनी झाली पायजे!"

खांदशेकणी म्हणजे वर्षभर जू वाहून दुखलेले बैलांचे खांदे पोळ्याच्या आदल्या दिवशी शेकायचे, हळद-लोणी चोळायचं आणि कानात जेवणाचं आवतण द्यायचं. उकंडराव घरी येऊन माझ्याभोवती फिरायला लागला. "हिचा खांदा कोनता म्हनाव?"

चतुराबाई लोण्याची वाटी घेऊन आली. तोंडावर असा भाव की देवळात निघालीय. "अवो, जू जिथं बसते तोच खांदा ना? हिचं सारं ओझं ह्या पट्ट्यावर हाय. मंग हाच हिचा खांदा."

"वा! मले काहून सुचलं नाही?"

"तुमाले कसं सुचन?" असं म्हणून तिनं पदर खोचला आणि माझा पट्टा लोण्यानं असा माखला की काय सांगू! आत-बाहेर, एक बोटभर जागा सोडली नाही. मग माझ्या दिव्यापाशी वाकून हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." विलायतेपासून इथवर मला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. मी तिच्यावर जीव ओवाळून टाकला.

पोळ्याला मला झूल घातली, दिव्याला बाशिंग बांधलं. घरापासून पारापर्यंत उतार, तेव्हा मी झोकात निघाले. तोरण मात्र पारापुढच्या चढावर. बरोबर तोरणाखाली इंजिन बोंबलायला लागलं, पट्टा गरगर घसरायला लागला आणि चाक जागच्या जागी. मागं गावच्या साऱ्या जोड्या खोळंबल्या. पोरांनी लगेच झडती म्हटली, पोळ्यातलं चिडवायचं गाणं:

"बैल खाते कडबा, फटफटी पेते तेल,
शिंगं नाही, शेपूट नाही, कसा म्हनू बैल?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

माझं इंजिन बंद पडलं आणि उकंडरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी खरं पाणी. मला त्याची कीव आली, पण मी काय करणार? माझे खांदे शेकलेले!

तेवढ्यात बायकांमधून चतुराबाई पुढे झाली. तिनं नुसतं म्हटलं, "पाखऱ्या... चांद्या... या बाप्पा!"

मारोतरावाच्या हातातला कासरा हिसकला गेला. जोडी सरळ तिच्यापाशी आली. पाखऱ्यानं तिचा हात चाटला, चांद्यानं माझा पट्टा. तिनं कासरा माझ्या हँडलला बांधला, पाठीवर थाप मारली आणि आम्ही तिघं तोरणाखालून पार झालो.

मग गोंधळ. मारोतराव ओरडला, "जोडी माही, मान माहा!" उकंडराव ओरडला, "पार तं माही फटफटी झाली!" दौलतसिंगानं काठी आपटली. "कासरा कोनाच्या हातात होता थे नोका सांगू. बैल कोनाच्या हाकेले आले? मान चतुराबाईचा!"

गाव 'हर हर महादेव' करून उठलं. उकंडरावानं डोळे पुसले, बायकोकडे पाहिलं, मग मारोतरावाला म्हणाला, "भाऊ, जोडी वापस दे. हे फटफटी तुले घे." मारोतराव चोरून माझा भोंगा वाजवायचा, हे मला ठाऊक होतं. तो एका पायावर तयार झाला.

तेव्हापासून मी मारोतरावाच्या घरी. त्यानंही बरीच कुंपणं मोडली. मग लढाई आली, पेट्रोल मिळेना, आणि मी या छपरात आले. लोण्याच्या वासानं उंदरांनी माझा पट्टाही खाल्ला. पण दर पोळ्याच्या आदल्या दिवशी चतुराबाई वाटी घेऊन येते. आता तिचे केस पिकलेत. ती कोंबडी हाकलते, पट्ट्याच्या रिकाम्या जागी लोण्याचं बोट लावते, आवतण देते आणि पदराआड हसते. ते कशाचं हसू, हे तिला ठाऊक आणि मला. उकंडराव अजून सगळ्यांना सांगतो की त्या दिवशी पेट्रोलात कचरा होता.

आजही येऊन गेली ती. चांद्या गेल्या साली गेला, पाखऱ्या म्हातारा झालाय. माझं एकच मागणं आहे. उद्या कुणीतरी त्याला इथं आणा आणि मला त्याच्यामागे बांधा. हळू चाला म्हणावं, दोघांनाही घाई नाही. पण चतुराबाईच्या दारी न्या. जेवायला बोलावलंय आम्हाला.