नदीची जुनी वाट

थेरगावच्या शिवारात, पवनेच्या वळणावर, सोपानरावांच्या वाट्याला आलेल्या शेतात घराचा पाया खणणे चालले होते. थोरल्या दिरांच्या घरी एका खणात संसार रेटता रेटता त्यांच्या पत्नी शालनबाईंच्या केसांत रुपे उतरले होते. त्यामुळे हे घर म्हणजे त्यांचे जन्माचे मागणे होते. काळी माती सरली, पिवळी लागली, आणि कंबरभर खोलीवर दत्तोबा गवंड्याची पहार खणाणली. खाली गोट्यांचा थर होता. एकेक गोटा शाळिग्रामासारखा गुळगुळीत.

"सोपानराव, नशीब काढलंत!" दत्तोबा म्हणाला. "भरावाला गोटं आयतं घावलं."

सोपानरावांनी एक गोटा उचलला मात्र, त्यांचे चित्त उडाले. दगडाला अशी गोलाई एक पाणीच देऊ जाणे. नदी तर येथून दोन पुरुष खोल, खाली वाहत होती. मग तिला येथवर कोणी बोलाविले होते?

ते तसेच काठाकडे निघाले. पाण्याने कापलेल्या दरडीतही तोच थर दिसला: वर काळी, मध्ये पिवळी, तळाशी गोट्यांची रांग; जणू कोणी धरणीचे पोटच चिरून दाखवावे. तेथून पाठ फिरवून ते आपल्याच शेताच्या वरच्या अंगाच्या माळावर चढले. माळावर मुरूम होता, कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटणारे काळे दगड होते; परंतु नदीचा गोटा औषधालाही नव्हता. ते खाली आले, पुन्हा वर गेले. जी नदी सह्याद्रीचे दगड लोळवीत या शेतावरून गेली, तिला आपली जुनी वाट आठवत नसेल काय?

"माळावर बांधायचं," परत येऊन ते म्हणाले.

"आं?" दत्तोबा म्हणाला. "तितं शेरडं बी थांबत न्हाईत! अवो, नदी हितनं गेली ती खापरपणज्याच्या बी आधी. तवापास्नं ती खालीच चाललीया."

"आन् आली वर, तर?"

नदीवरून भरली घागर घेऊन येणाऱ्या शालनबाईंनी हे ऐकले. त्यांनी घागर बांधावर उतरवली.

"बांधा की माळावर. तितं हिरीला कातळ, पाणी नदीचंच. म्हंजी भ्या वाटायचं तुमाला, आन् चढ चढायचा म्या."

सोपानरावांनी बांधावरच्या घागरीकडे पाहिले. त्यांनी नदीचा विचार केला होता, मातीचा केला होता, दगडाचा केला होता. हिच्या मानेचा केला नव्हता.

"पाणी मी वाहीन," ते म्हणाले.

दत्तोबा खो खो हसला. "बाप्या माणूस डोईवर घागर घेणार? गाव हातातली भाकर टाकून बघाया येईल!"

शालनबाई हसल्या नाहीत. नवऱ्याची नजर त्यांच्या खांद्यावरून नदीकडेच लागली होती. खालच्या घरात हा माणूस पावसाळाभर उंबऱ्यात बसून राहील, हे त्यांना कळून चुकले. त्यांनी आपल्या डोक्यावरची चुंबळ काढली आणि नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

"चला तर. आत्ताच."

घागर डोक्यावर चढली. पाणी मानेवरून ओघळू लागले. अर्ध्या चढावर सोपानरावांची चाल मंदावली.

"वैनी," मागून येणाऱ्या दत्तोबाने पाया आखायची दोरी गुंडाळीत विचारले, "मग दोरी लावू तरी कुठं?"

"घागर घेऊन ते थांबतील तितं."

सोपानरावांनी ते ऐकले. त्यांनी पायाखाली पाहिले. तेथे अजून नदीचीच काळी माती होती. मुरूम पुष्कळ वर होता. त्यांनी घागर दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पुढचे पाऊल टाकले.