बोक्याच्या पायाखालचा डबा

सगळ्यात आधी फिनेलला किळस आली ती त्या अंगठ्याची.

झालं काय, की बोका माप द्यायला तिच्या घरी आला. बोका म्हणजे तिचा मामेभाऊ. गिटार वाजवतो, आणि वाजवत नसला की जिथे ऊन असेल तिथे पसरतो, म्हणून बोका. तर हा आला, खुर्चीत बसला, आणि कुणी काही म्हणायच्या आत मोजा काढून पाय सरळ तिच्या टेबलावर! ज्या टेबलावर तिनं सकाळीच स्पिरिट मारून स्क्रू रांगेत मांडले होते, त्या टेबलावर! अंगठ्याचं नख पिवळंधम्मक, त्याच्या खाली काहीतरी काळं बसलेलं, टाचेला भेगा, भेगांत मोज्याचे निळे धागे. आणि वास? डब्यात विसरलेला ओला पाव आठवडाभरानं उघडावा, तसा.

"काढ! आधी काढ तो!"

"अगं, तूच म्हणालीस ना माप हवंय?"

"मिळालं माप. झाक."

"पण मोजलंस कुठे?"

"नजरेनं मोजलं."

नजर कसली, तिनं डोळे गच्च मिटले होते. तो गेल्यावर तिनं टेबल पुन्हा पुसलं, मग स्वतःचा पाय पट्टीवर ठेवला, धुतलेला, कोरडा केलेला, गोड गुलाबी पाय, त्यात दोन बोटं जास्त धरली, आणि झालं माप.

आता तिला फिनेल का म्हणतात हे सांगायला नकोच. ती बसच्या दांड्याला रुमालानं धरते. कुणी तिच्या बाटलीला तोंड लावलं की बाटली त्यालाच देऊन टाकते. आणि नोकरी कुठे मिळावी तिला? चष्म्याच्या दुकानात! दिवसभर लोकांचे चष्मे पुसायचे. नाकाच्या चिमट्यात साचलेला हिरवट मळ, कानामागच्या दांडीवरचा मेणचट थर, आणि वर हसून म्हणायचं, "बघा काका, आता कसं लख्ख दिसतंय." घरी येऊन ती कोपरापर्यंत हात धुवायची. आई म्हणायची, "अगं, साबण तर संपवलास, आता कातडीही संपवशील का?"

तिला तिथून सुटायचं होतं. कुठे जायचं तेही ठरलेलं होतं. दोन गल्ल्या पलीकडे गिटार, अँप्लिफायर, माईक असल्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान एका बाईंचं. आवाज जाड, चष्मा कपाळावर. फिनेल त्यांना तीनदा भेटून आली होती. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "सोल्डरिंग येतं म्हणतेस, येत असेल. पण टेबलावर चालणारी वस्तू कुणीही बनवतं. तुझ्या हातची एखादी वस्तू एक अख्खा कार्यक्रम स्टेजवर टिकू दे. मग बसवते तुला माझ्या शेजारी."

म्हणून तर बोक्याचा डबा!

डबा म्हणजे पायानं दाबायच्या बटणांची पेटी. त्यातून आवाज जात नाही हां, त्यातून निरोप जातो. गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले, मग आवाज बदलायचा कसा? पायानं. बटण दाबलं की वायरीतून आवाजाच्या मशीनला निरोप: आता खरखरीत लाव, आता साधा लाव, आता सोलो आहे, दणकून लाव. त्या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. बाजारात असा डबा तयार मिळतो, पण बोक्याला तो परवडत नव्हता आणि फिनेलला तो विकत आणलेला चालणार नव्हता.

काय मन लावून बनवला तिनं! बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरची पत्र्याची पेटी घेतली. भोकं पाडली, कानशीनं कडा इतक्या घासल्या की गालावरून फिरवा. आत बोटाएवढा बोर्ड, मागे पाच पिनांचं गोल सॉकेट. पहिल्यांदा त्यातल्या दोन पिना उलटसुलट लागल्या, कारण सॉकेट मागून बघितलं की डावं उजवं होतं. मशीन ढिम्म. तिनं उकलून पुन्हा सोल्डरचे डाग दिले, आणि मशीनचा दिवा लुकलुकला तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारून आली. वर त्या मापाच्या अंतरानं एका ओळीत सहा बटणं. चौथं सोलोचं, त्याच्या शेजारी पाचवं ट्यूनरचं. ट्यूनर म्हणजे तारा जुळवायच्या असतात तेव्हाचं बटण. ते दाबलं की गिटार लोकांना ऐकू येत नाही, तुम्ही निवांत खुंट्या पिळा. प्रत्येक बटण तिनं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

तालीम पिंपाच्या गॅरेजमध्ये. पिंप म्हणजे ड्रम वाजवणारा, देहावरून नाव. पहिलं गाणं रंगात आलं, बोक्यानं डोळे मिटले, मान मागे टाकली, अनवाणी पाय उचलून धप्पकन सोलोवर ठेवला, आणि... काही नाही. शांतता! गिटार मुकी. तो बोटं नाचवतोय आणि ऐकू येतायत फक्त तारांवर घासणारी नखं.

"वा!" पिंप म्हणाला. "फार खोल होतं."

दुसऱ्या दिवशी डबा परत आला, आणि काय अवस्थेत आला! झाकणावर गोड सोडा सांडून वाळलेला, त्यावर वेफर्सचा चुरा, त्यावर पायाच्या घामाचा काळसर लेप. फिनेलनं दारातच नाक दाबलं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या फडक्यानं आधी झाकण लख्ख पुसलं, मगच डबा घरात घेतला. उघडलं तर आत आणखी मज्जा. बटणांच्या खाली चिकट तपकिरी गोंद, गोंदात मुंग्या, काही मेलेल्या आणि काही अजून जेवत असलेल्या. एक कुरळा केस. एक जखमेवरची पट्टी, आत चिकटलेलं पिवळं तसंच! आणि नख. कापलेलं, चंद्रकोरीसारखं, अंगठ्याचं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग तिनं फोन लावला.

"तू माझ्या डब्यावर नखं कापतोस?"

"डब्यावर नाही गं, शेजारी. उडालं असेल."

"शी! घाण साचून बटणं चिकटतात, म्हणून आवाज जातो."

"चिकटत नाहीत. मी दाबतो आणि आवाज जातो."

"बूट घाल मग."

"बुटात बटण कळत नाही. पायाला काय डोळे आहेत?"

"तुझ्या पायाला बुरशी आहे, डोळेही फुटतील!"

तिनं सगळं उकललं, धुतलं, वाळवलं, बटणांच्या खाली रबराची चकती बसवली. पेन्सिलीनं दाबून पाहिलं. झकास. पुढच्या तालमीत सोलो आला आणि पुन्हा शांतता. डबा परत. पुन्हा तोच काळा चिकट लेप, पुन्हा दारात नाक दाबून लख्ख पुसणं. तिनं प्रोग्रॅम बदलला, वायरी बदलल्या, सोलोचं बटणच नवं टाकलं. पेन्सिलीला काहीच अडचण नव्हती. बोक्याला होती. फिनेलच्या आईसमोर बोका कुरकुरला, "आत्या, हिला सांग ना, मला रोज घाणेरडा म्हणते." आणि आई म्हणाली, "बाळा, अंघोळ करून ये, मग सांगते."

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. फर्निचरच्या दुकानाच्या वरचा हॉल, गालिच्याला कोंदट वास, खुर्च्यांच्या खाली जुनी च्युइंगगम. फिनेल उभीच राहिली, कशाला टेकली नाही. आणि आवाज सांभाळायला कोण? बाई! मिक्सरच्या मागे, चष्मा कपाळावर. दुपारी आवाज तपासायला बोका स्टेजवर चढला, चपला भिरकावल्या, वाजवायला लागला, सोलोवर पाय ठेवला.

शांतता.

बाईंनी चष्मा खाली नाकावर घेतला. "तो डबा तुझाच का गं?"

फिनेलचे कान तापले. "घाण जाते आत," ती म्हणाली आणि फडकं घेऊन स्टेजवर धावली. मागून बाई म्हणाल्या, "संध्याकाळी असं झालं तर मी त्याची गिटार थेट मिक्सरला जोडणार. डबा बाहेर." म्हणजे झालंच. म्हणजे परत चष्मे, परत कानामागचं मेण, आयुष्यभर.

ती गुडघ्यावर बसली, फडकं उचललं. आणि नेमका स्टेजचा दिवा आडवा पडला होता झाकणावर.

त्या उजेडात बोक्याच्या पायाचा ठसा चमकत होता. ओला, कडेनं काळा, छापल्यासारखा. टाचेचा भाग गालिच्यावर, चवडा डब्यावर. अंगठ्याच्या बुडाशी त्याचं हाड बाहेर आलेलं, चांगली मोठी गाठ, आणि त्या गाठीचा गोल डाग सोलोच्या बटणावर नव्हताच. सोलोवर चवड्याचा मधला भाग होता. गाठ पडली होती शेजारी. ट्यूनरवर.

एक पाय, दोन बटणं. आधी सोलोचा निरोप, लगेच पाठोपाठ तोंड बंद करायचा निरोप. डबा बिचारा दोन्ही निरोप इमानदारीनं पोचवत होता!

फिनेलच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हा ठसा दर वेळी घरी आला होता. दर वेळी. आणि तिनं दर वेळी, आत घ्यायच्याही आधी, न बघता, स्पिरिटनं पुसून टाकला होता.

"बोक्या, पाय ठेव."

"कुठे?"

"सोलोवर. नेहमी ठेवतोस तसा. आता हलू नकोस."

आणि तिनं तो पाय धरला. उघड्या हातानं. तो गार होता, आणि ओला, आणि खालून खरबरीत, माशाच्या पाठीसारखा. गाठीवरची कातडी तिच्या बोटाखाली सरकली. तोंडात कडू पाणी आलं, तिनं ते गिळलं. अंगठा बाजूला ओढून गाठ कुठपर्यंत पोचते ते पाहिलं. पाय उचलायला लावला, खरखरीतच्या बटणावर ठेवायला लावला, तिथेही तेच, शेजारच्याला धक्का.

"गुदगुल्या होतात ना!" बोका खिंकाळला.

"गप. ऐक. चूक माझी आहे."

"काय?"

"मी तुझं माप घेतलंच नव्हतं. माझ्या पायाचं घेतलं होतं."

पिंपाच्या हातातून काठी पडली. बोक्यानं पाय खाली घेतला. "म्हणजे इतके दिवस तू मला घाणेरडा, बुरशीचा, मुंग्यांचा राजा..."

"तो तू आहेसच! पण आवाज तुझ्या घाणीनं जात नव्हता. माझ्या मापानं जात होता."

"सगळ्यांसमोर म्हण."

"म्हटलं ना आत्ता. पाय ठेव."

नवी भोकं पाडायला वेळ कुठला! तिनं लॅपटॉप आणला, स्टेजवरच मांडी घातली, त्या गालिच्यावर, विचार करा, आणि प्रोग्रॅम बदलला. एकाआड एक बटणं मेलेली. पहिलं साधा, तिसरं खरखरीत, पाचवं सोलो. मधल्यांवर गाठ पडो नाहीतर डोंगर पडो, निरोप जाणार नाही. आणि ट्यूनर? पहिलं बटण दाबून धरून ठेवलं, तरच.

"आणि माझा घुमणारा आवाज?" बोक्यानं विचारलं.

"आज नाही."

"शेवटच्या गाण्याला लागतो गं तो!"

"तोंडानं घुम."

संध्याकाळी हॉल भरला. फिनेल स्टेजच्या कडेला, पडद्यामागे. गाणी कशी झाली हे तिला विचारू नका, तिला ठाऊक नाही. ती पायाकडे बघत होती, डोळे न मिटता. घाम पोटरीवरून ओघळला, घोट्यावर थबकला, झाकणावर टपकला. पिवळं नख बटणावर टकटकलं. तिच्या अंगावर काटा येत राहिला आणि ती बघत राहिली. चवडा उठला, पाचव्या बटणावर पडला, गाठ शेजारच्या मेलेल्या बटणावर टेकली, आणि सोलो असा काही सुटला की पुढच्या रांगेतल्या एका बाळानं भोकाड पसरलं! एकदा नाही, दर वेळी. शेवटच्या गाण्यात बोका खरंच तोंडानं घुमला, अगदी वाईट घुमला, लोकांना तेच जास्त आवडलं.

गर्दी ओसरल्यावर बाई वायरी गुंडाळत होत्या. फिनेल समोर जाऊन उभी राहिली.

"चालला," बाई म्हणाल्या. "कुरूप आहे, निम्मी बटणं मेलेली आहेत, पण चालला." मग त्यांनी स्टँडवरून बोका ज्यात गात होता तो माईक काढला, वरची गोल जाळी पिळून वेगळी केली आणि फिनेलच्या तळहातावर ठेवली. आत स्पंजचं अस्तर. कधीकाळी करडं असावं, आता तपकिरी, मधेच हिरवट, ओलं. "हा हॉलचा माईक. वर्षानुवर्षं जो येतो तो यात थुंकतो. माझ्याकडे सकाळी पहिलं काम हेच असतं. म्हणून पोरं टिकत नाहीत. घे, जवळ घे."

फिनेलनं जवळ घेतलं. शिळी लाळ, कुणाचा तरी लसूण, कुणाची तरी सिगारेट, आणि या सगळ्यांच्या वर बोक्याचे ताजे वेफर्स. डोळ्यांत पाणी आलं.

"काय दिसतंय?"

"खालच्या बाजूला..." ती थांबली, श्वास तोंडानं घेतला. "खालच्या बाजूला जास्त ओला आहे. वरून कोरडा. आणि इथे जाळी आत दबलीये, स्पंज खालच्या पत्र्याला चिकटलाय. पाणी इथून आत उतरत असेल."

बाईंनी जाळी हातात घेऊन दिव्याकडे धरली, वळवून पाहिली, आणि चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला.

"सोमवारपासून ये."

फिनेलला हो म्हणायचं होतं, धन्यवाद म्हणायचं होतं, चष्म्याच्या दुकानाबद्दलही काहीतरी म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर शब्दांच्या आधी दुसरंच काहीतरी बाहेर आलं असतं. तिनं ओठ घट्ट मिटून जोरजोरात मान हलवली, हो हो हो, आणि बाथरूमच्या दिशेनं धूम ठोकली.