बोटभर जागा

माणसाच्या आयुष्यातली बहुतेक दुःखं चुकीच्या मापातून येतात, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत ते सहसा जमिनीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्याच्या पायाचा अंगठा दाबत मांडत.

"टोकाला बोटभर जागा हवीच, ताई," आत्ताही ते सांगत होते. बाकावर शाळेतली मुलगी पाय पुढे करून बसली होती आणि तिची आई बुटांकडे संशयानं बघत होती.

"चालताना टाच निघतेय हो तिची."

"आज निघतेय. सहा महिन्यांनी निघणार नाही. पाय वाढतो, ताई. बूट वाढत नाही."

या वाक्यापुढे आजवर कोणाचं काही चाललं नव्हतं. बुटांचा खोका घेऊन आई बाहेर पडली आणि नवे बूट घातलेली मुलगी फरशीवर टाचा घासत तिच्या मागून गेली.

पादत्राणांच्या त्या दुकानात ते तरुणपणी विक्रेता म्हणून लागले आणि टक्कल पडलं तरी तिथेच होते. मालक बदलला, पाटी बदलली, बाकांचं रेक्झिन बदललं. सिद्धांत तोच राहिला. मुलांना एक नंबर मोठा, कारण पाय वाढतो. मोठ्यांना एक नंबर मोठा, कारण संध्याकाळी पाय सुजतो. म्हाताऱ्यांना एक नंबर मोठा, कारण आता या वयात घट्ट कशाला. दुकानातले लोक त्यांना 'बोटभर' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण दुकान लहान होतं.

तक्रार घेऊन येणारेही असत. 'वापरलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीखाली उभे राहून बोटभर त्यांना सांगत, "थोडे दिवस घालून तर बघा. बसेल." बहुतेकांचे पाय शेवटी जुळवून घेत.

त्यांचं घर चढावर होतं. औषधांच्या दुकानापाशी रस्ता सोडला की गल्ली जी वर जायला लागे, ती त्यांच्या दारापर्यंत कुठे म्हणून श्वास घेऊ देत नसे. त्यांची बायको पोस्टात काउंटरवर बसायची. तिचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी जुनी, छोटी गाडी घेतली. सकाळी तिला पोस्टात सोडायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं, एवढंच त्या गाडीचं काम. आणि खरं सांगायचं तर बायकोसाठी त्यांनी ठरवून केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

त्या गाडीचा धूर बाहेर नेणारा पाईप गंजून फुटला.

सायलेन्सरवाल्याच्या शेडमध्ये पाईप उंचीनुसार भिंतीला टेकवून ठेवलेले असत. त्यानं गाडीखालून जुना तुकडा काढून आणला. "दीड इंची आहे, काका. तसाच बसवू?"

बोटभरांनी पाईपच्या तोंडात बोटं घालून पाहिली. तीन जेमतेम गेली.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

"कोणाला?"

"इंजिनाला. तो अडीच इंची दिसतोय ना, तो दाखव."

"तो दमदार गाड्यांना लागतो. टर्बोवाल्यांना. त्यांच्यात हवा पंपानं कोंबतात. तुमचं इंजिन साधं आहे, बाराशे सीसीचं. आपल्याच दमावर श्वास घेतं."

"म्हणजे त्याला मोकळं वाटायला हवं."

"तसंही म्हणता येईल," सायलेन्सरवाला म्हणाला. गिऱ्हाइकाशी वाद घातल्यानं वेल्डिंग लवकर होत नाही, हे तो धंद्याच्या सुरुवातीलाच शिकला होता. तरी त्यानं एकदा म्हणून पाहिलं, "फार तर पावणेदोन घ्या."

"मोठाच टाक. माणसानं पुढचा विचार करावा."

पुढे इंजिन वाढणार आहे की काय, असं सायलेन्सरवाल्यानं विचारलं नाही. त्यानं चष्मा चढवला आणि ठिणग्या उडवायला सुरुवात केली.

संध्याकाळी बायको पोस्टाच्या पायऱ्या उतरत होती तेव्हा गाडी आली. आधी आवाज आला, मग गाडी.

"हे आपलं आहे?" आत बसत तिनं विचारलं.

"मोकळी झालीय गाडी."

"लोक वळून बघतायत."

"बघू देत."

"तेच म्हणते. मी खाली वाकून बसू का?"

सपाट रस्त्यावर गाडी थाटात धावली. औषधांच्या दुकानापाशी वळली, गर्जना करत चढाला लागली आणि गल्लीच्या मध्यावर तिचा दम संपला. बोटभरांनी पहिला गिअर टाकला. आवाज आणखी वाढला. वेग तेवढा वाढेना. दोन खिडक्या उघडल्या आणि त्यांतून माणसं बघायला लागली.

"काहीतरी जळतंय हो."

"नव्या पाईपला सुरुवातीला वास येतो."

"वास क्लचचा आहे. मागच्या वेळी आला होता तोच." तिनं पर्स उचलली. "मी उतरते."

"कशाला?"

"मी उतरले तर ती तरी चढेल."

ती उतरली आणि गाडी खरंच चढायला लागली. अर्थात बायकोच्याच चालीनं. त्यामुळे बराच वेळ दोघं शेजारी शेजारी वर जात होते, ती पायी आणि ते गाडीत. दारापाशी ती दोन पावलं आधी पोचली.

"रुळायला वेळ लागेल थोडा," ते गाडी बंद करत म्हणाले.

"चामड्याचा आहे का पाईप?"

पण पाईप बदलायचं नाव त्यांनी काढलं नाही. ते साहजिकच होतं. जन्मभर ज्यांनी टाच निघणाऱ्या लोकांना 'बसेल' म्हणून घरी पाठवलं, त्यांनी शेडमध्ये जाऊन 'मोठा झाला' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? म्हणून मग रिवाजच पडला. चढ सुरू व्हायच्या आत औषधांच्या दुकानापाशी गाडी थांबायची, बायको उतरायची आणि ते मागून धाव घेतल्यासारखी गाडी वर काढायचे. गाडी तिच्या गुडघ्यांसाठी घेतलेली होती, हे दोघांनाही आठवत होतं. दोघंही ते बोलत नव्हते.

शेजारपाजारचे बोलत. गल्लीच्या तोंडाशी राहणारा वीजमंडळातला तंत्रज्ञ एकदा गच्चीवरून म्हणाला, "वहिनी, गाडी वर चढतेय, तर तुम्ही खाली कशा?"

"ती नाजूक आहे हो," बायको म्हणाली. "मला सवय आहे."

पुढे तिला सोबतही मिळाली. वरच्या अंगाला राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई त्याच सुमारास औषधं घेऊन परतायच्या. दोघी हळूहळू चढायच्या.

एका संध्याकाळी नर्सबाई नव्हत्या. बायकोच्या हातात जड पिशवी होती. बोटभर म्हणाले, पिशवी गाडीत ठेव. ती म्हणाली, नको, तेवढ्यानंही अडेल. त्यांना ते लागलं, पण मुद्दा खोडता येईना. ती बरीच वर गेल्यावर ते थोडे मागे गेले, त्यांनी धाव घेतली आणि चढाला लागले. मधल्या वळणावर, एका घराच्या कुंपणाच्या कट्ट्यावर बायको बसलेली दिसली. पिशवी पायाशी होती आणि ती एका हातानं गुडघा चोळत होती.

थांबायला हवं होतं. पण तिथे थांबलं असतं तर गाडी पुन्हा हलली नसती, आणि दोघांना मिळून ती खाली सरकवावी लागली असती. बोटभरांनी पाय तसाच दाबून धरला. गाडी भयंकर आवाज करत, अतिशय सावकाश, बायकोच्या अगदी समोरून गेली. इतकी सावकाश, की न पाहिल्याचं सोंग त्यांना बराच वेळ करावं लागलं.

सुट्टीच्या दिवशी ते शेडमध्ये गेले.

"पाईप बदल," ते म्हणाले. "चढत नाही."

सायलेन्सरवाल्याला आश्चर्य वाटलं नाही. त्यानं गाडी वर उचलली. "धूर नुसता बाहेर पडून भागत नाही, काका. जोरात पडायला हवा. पुढचा धूर मागच्याला ओढून नेतो. नळी बेताची असली की ओढ राहते. रुंद केली की तो आत रेंगाळतो. भरधाव पळवलीत तर कळायचं नाही, पण चढावर हळू जाताना इंजिनाचा जोर जातो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही एवढ्या खात्रीनं बोललात. मला वाटलं, तुम्हाला काही ठाऊक असेल."

बोटभरांची मान खाली गेली ती नेमकी सायलेन्सरवाल्याच्या बुटांवर. बूट ओळखीचे होते. सवयीनं त्यांचा गुडघा टेकला गेला आणि अंगठ्यानं टोक दाबलं. मऊ लागलं.

"कापूस आहे," सायलेन्सरवाला वरून म्हणाला. "तुमच्याच दुकानातले. तुम्हीच दिलेत. घातल्या दिवसापासून कापूस भरतोय."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही एवढ्या खात्रीनं बोललात," सायलेन्सरवाला पुन्हा म्हणाला, आणि या वेळी दोघंही थोडं हसले. "बदलून देता का?"

बोटभरांनी खरोखर विचार केला. "वापरलेले घेत नाहीत," ते म्हणाले.

दीड इंची पाईप बसला. इतका मुकाट, की गाडी चालू आहे का, हे त्यांना हात लावून बघावं लागलं. परतताना ते एकटेच चढावरून एकदा वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. गाडी कुठे अडली नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टापासून औषधांच्या दुकानापर्यंत बायको नेहमीसारखी खिडकीबाहेर बघत बसली होती. आवाज गेल्याचं तिच्या लक्षात आलं असावं. वळणावर तिनं सवयीनं पर्स उचलली.

"बस, बस," ते म्हणाले. "चढते आता. बदलला पाईप."

"हो का? बरं झालं." तिनं दार उघडलं. दुकानाच्या पायरीवर नर्सबाई उभ्या होत्या. "तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो बोलत बोलत."

"अगं, गुडघे?"

"दुखतात की. गाडीतही दुखायचेच."

"मग?"

ती क्षणभर दार धरून उभी राहिली. "गाडीत तुम्ही गिअरकडे बघता," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. काउंटरवर एखाद्याला तिकिटाचा दर सांगावा तशी. मग तिनं दार लावलं. नीट लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून लावलं, आणि ती नर्सबाईंकडे गेली. तिथे पोचायच्या आतच तिनं बोलायला सुरुवात केली होती.

बोटभर एकटेच वर गेले. गाडी सुंदर चढली. कोणाची खिडकी उघडली नाही. घरापुढे त्यांनी गाडी लावली, उतरले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

किल्ली तिच्या पर्समध्ये होती.