बुडी कोणी मारली?

मी एक जुना हौद आहे. गालीलच्या डोंगरावर, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, दगडी जिन्याच्या पोटात मला खोदलेले आहे. माझ्यावर कमान आहे आणि कमानीवर धाबे आहे. त्या धाब्यावरून पाहिले तर समोरचा सगळा उतार कबरींनी भरलेला दिसतो, असे म्हणतात. मी तो कधी पाहिलेला नाही. मित्रांनो, हौदाला डोळे नसतात. त्याला माणसे कळतात ती पावलांवरून, आवाजावरून आणि ती आत उतरली की पाणी किती वर चढते त्यावरून.

मला खोदणारा पाथरवट कबरीही खोदत असे. पहार तीच होती. तो कामगारांना म्हणे, "दोन्ही खड्ड्यांत माणूस उतरतोच रे. फरक एवढाच, की इथला वर येतो." कामगार हसत नसत. माझ्यात अजून पाणी आले नव्हते, पण त्याचे ते शब्द कमानीत शिरले आणि बराच वेळ बाहेर पडले नाहीत, हे मला आठवते.

ज्यू लोक मला मिकवे म्हणतात. मी अंघोळीसाठी नाही. माणूस अंग घासून, नखे काढून, केस विंचरून मगच माझ्यात उतरतो. माझे पाणी घागरीने भरलेले चालत नाही. ते आभाळातून आपणहून धाब्यावर पडावे लागते आणि पन्हळीतून आत यावे लागते. बायका महिन्याच्या महिन्याला येत, नवऱ्या मुली लग्नाआधी येत. आणि कधीकधी असा कोणीतरी येई, जो ज्यू नसे आणि ज्यू होऊन वर येई. पूर्ण बुडी मारायची, एक केसही पाण्याबाहेर राहता कामा नये, असा नियम आहे. खाली जाणारा एक आणि वर येणारा दुसरा. मग खाली गेलेल्याचे काय होते? हे मला कोणी विचारले नाही आणि मलाही ते माहीत नाही.

एकदा मोठा भूकंप झाला. वरचे गाव खालच्या गावावर कोसळले. ढिगाऱ्याखालच्या माणसांच्या हाका दगडातून माझ्यापर्यंत येत होत्या. मग त्या येईनाशा झाल्या. माझी कमान मात्र टिकली. तेव्हापासून लोक मला फार मानू लागले. लांबलांबच्या गावांहून नवऱ्या मुली येत आणि जाताना माझ्या पायरीवर ओले हात टेकवत.

पुढे पुष्कळ वर्षांनी सोलिका माझी राखण करायला आली. ती मोरोक्कोच्या डोंगरातली. तिची जीभ तिखट होती आणि हात मऊ होते. घाबरलेल्या मुलीला ती म्हणे, "उतर ग बाई, पाणी काही खात नाही तुला. सासू खाईल, तिला जप." बुडी पुरी झाली की ती मोठ्याने "कोशेर!" असे ओरडे. म्हणजे झाले, नियमात बसले. तिचा तो शब्द ऐकला की मला माझे काम पुरे झाल्यासारखे वाटे.

एका हिवाळ्यात, भर दुपारी धुके दाटलेले असताना, ल्युदमिला आली. ती ओदेसाहून आलेली परिचारिका होती. दाराआड पाठ करून तीन पंच उभे होते. त्यांत मोठे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, बेन-हामो होते. त्यांनी रीतीप्रमाणे तिला अडवून पाहिले.

"मुली, अजून वेळ गेलेली नाही. आमच्यात येऊन सुख फार मिळत नाही. जग आमच्यावर दात धरून असतं. कशाला या फंदात पडतेस?"

ल्युदमिला पाण्यात गुडघाभर उभी होती. ती म्हणाली, "रब्बीबाबा, तिकडे शाळेत मला ज्यूची पोर म्हणून दगड मारायचे. इथे आले तर कचेरीतला माणूस म्हणाला, तुझा बाप ज्यू आहे, आई नाही, म्हणजे तू ज्यू नाहीस. दगड तर आधीच खाऊन झालेत. आता निदान नाव तरी मिळू दे."

दाराआड कोणीतरी नाक ओढले. मग ती बुडाली.

ती खाली असताना माझ्या पाण्यात एक हाक उमटली. ती वरून आलेली नव्हती. सोलिका गप्प होती, पंच गप्प होते. ल्युदमिला वर आली.

"मावशी, खाली कुणीतरी मला हाक मारली. तिर्झा म्हणून."

सोलिकाने 'कोशेर' म्हटले, पण त्या दिवशी तिच्याने ओरडवले नाही. दाराआड रब्बी बेन-हामो भिंतीला टेकल्याचा आवाज आला. ते हळूच म्हणाले, "तिचं नाव मी आज सकाळी मनात ठरवलं. तिर्झाच. अजून कुणाला बोललो नव्हतो."

या गोष्टीचा उलगडा कोणी केला नाही. ल्युदमिलाची तिर्झा झाली. सफरचंदाच्या बागेत काम करणाऱ्या येफेतशी तिचे लग्न झाले आणि तिला नोगा नावाची मुलगी झाली. तिर्झा धर्म इतका कडक पाळणारी झाली, की जन्माच्या ज्यू बायका तिला नियम विचारायला येत. पुढे येफेत वारला. मग रब्बी बेन-हामोही त्या उतारावर झोपायला गेले. त्यांच्या जागी रब्बी ग्रुनवाल्ड आले. तो माणूस दुष्ट नव्हता. पण त्याची पावले अशी पडत, जणू प्रत्येक फरशी निखळलेली असावी आणि तो ती तपासत चालला असावा.

त्यांच्या काळात माझ्या दाराशी भांडणे सुरू झाली. एकदा यारदेना आली. ती सुधारक पंथाची, स्वतः बाई असून रब्बी. तिच्याबरोबर एक तरुण होता. त्याला ज्यू व्हायचे होते. ग्रुनवाल्ड दारात आडवे उभे राहिले.

"बाई, तुमच्या हातून हा पाण्यात गेला तर फक्त ओला होईल. दुसरं काही होणार नाही."

"का? पाणी माणूस बघून काम करतं?"

"पाणी नाही. कायदा बघतो. शब्बाथला, शनिवारी, गाडीला हातही लावायचा नसतो. तुमचे लोक त्या दिवशी गाडी हाकतात आणि वर दुसऱ्याला ज्यू करतात!"

"आमचेही तीन पंच बसतात, रब्बी. हा मुलगा आमच्याकडे दोन हिवाळे शिकला."

त्या दिवशी तिर्झाही तिथे होती. ती सोलिकाला मदत करायला येत असे. ती त्या तरुणाला म्हणाली, "अरे, हे खरं नव्हे. खरं हवं असेल तर घासून घ्यावं लागतं. मी घेतलंय."  यारदेना आणि तो तरुण जिना चढून गेले. त्यांच्या पावलांचा आवाज थांबला, तरी तिसऱ्या कोणाची तरी पावले त्यांच्या मागून वर जात राहिली. ती मी मोजली नाहीत. मला भीती वाटली.

मग नोगाचे लग्न ठरले. मुलगा एलियाव, गावातलाच, सुतारकाम करणारा. लग्न लावायचे तर मुलगी ज्यू असल्याची खात्री धर्मपंचांना द्यावी लागते आणि मुलगी ज्यू ठरते ती आईवरून. तिर्झा निश्चिंतपणे शहरातल्या धर्मपंचांकडे गेली. परत आली ती सरळ माझ्या पायरीवर येऊन बसली. सोलिका आता म्हातारी झाली होती. तिने विचारले, "काय ग, तोंड का असं?"

"मावशी, बेन-हामोंनी पाण्यात उतरवलेल्या सगळ्यांचं धर्मांतर रद्द केलंय. ते म्हणे फार सैल होते. मग मला विचारलं, शब्बाथला दवाखान्यात जायचीस? म्हटलं, जायचे. माणसं शब्बाथलाही मरतात. म्हणाले, जाणं माफ. जीव वाचवायला सगळं माफ. पण कामाची पाळी संपल्यावर घरी कशी यायचीस?"

"कशी म्हणजे?"

"गाडीनं! नोगा लहान होती, घरात एकटी. ते म्हणाले, येताना कुणाचा जीव वाचवत होतीस?"

सोलिका चिडली. "आणि तेवढ्यासाठी इतक्या वर्षांचं सगळं पुसलं?"

"पुसलं नाही. म्हणाले, ते कधी झालंच नव्हतं. मी कधी ज्यू नव्हतेच. नोगाही नाही."

तिर्झाचा हात माझ्या पाण्यात होता. तो इतका गार पडला, की माझे पाणी त्यापेक्षा ऊन वाटू लागले.

एलियाव म्हणाला, समुद्रापलीकडे सायप्रसला जाऊन लग्न करू, तिथे धर्मपंचांची खात्री लागत नाही, पुष्कळ जण करतात. त्याची आई ऐकेना. "माझी नातवंडं उद्या कुणाच्या दाराशी उभी राहायला नकोत," ती म्हणाली. तिचेही खोटे नव्हते. शेवटी असे ठरले की नोगाने पुन्हा, नव्या पंचांसमोर बुडी मारावी. तिर्झाच मुलीला म्हणाली, "माझ्यापायी तुझं अडायला नको."

त्या दुपारी धुके झरोक्यातून आत आले आणि पाण्यावर पसरले. दाराआड ग्रुनवाल्ड आणि आणखी दोन पंच उभे राहिले. सोलिका काठावर होती. तिर्झा पंचा घेऊन तिच्या शेजारी होती. नोगा छातीइतक्या पाण्यात उतरली.

ग्रुनवाल्डांनी विचारले, "मुली, तुझं नाव?"

"नोगा, तिर्झाची मुलगी."

"तसं नाही. आजपासून नोगा, आपल्या मूळ पुरुषाची, अब्राहामाची मुलगी. या पाण्यातून वर येणारा नुकता जन्मलेला असतो. त्याला मागचे आईबाप नसतात." त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता.



"हो म्हण ग," तिर्झा कुजबुजली. "शब्दच आहेत. घरी आलीस की माझीच आहेस."

"आई, तुलाही असंच सांगितलं होतं?"

"हो."

"म्हणून ओदेसाची आजी गेली तेव्हा तू सुतकाला बसली नाहीस?"

तिर्झाच्या हातातला पंचा खाली पडला. "मी दवाखान्यात गेले," ती म्हणाली. "कामावर. कुणाला सांगितलंही नाही."

नोगाने वळून पायरी चढायला सुरुवात केली. एक, मग दुसरी, मग ती काठावर उभी राहिली. माझे पाणी खाली उतरले. माझ्यात कोणीही नव्हते.

आणि मित्रांनो, त्याच क्षणी माझ्यात बुडी पडली.

पूर्ण, खोल बुडी. पाणी चढले, एका माणसाच्या अंगाएवढे चढले आणि काठावरून ओसंडून तिर्झाच्या पायांवर आले. मी हजारो माणसे अंगावर घेतली आहेत. तो भार त्यांतल्या कोणाचाच नव्हता, आणि तरी तो माझ्यात होता. मग तो नाहीसा झाला. वर मात्र कोणी आले नाही.

"झालं?" दाराआडून ग्रुनवाल्डांनी विचारले. "सोलिका, कोशेर?"

एक शब्द पुरला असता. लग्न झाले असते, भांडण मिटले असते. 

"रब्बी," ती अखेर म्हणाली, "पोरगी वर उभी आहे. तिचे केस कोरडे आहेत."

"मी बुडी ऐकली."

"मीही ऐकली," दुसरा पंच म्हणाला.

"मग पाण्यात कोण आहे?"

सोलिकाने वाकून पाहिले. धुके बाजूला सरले होते. तिला माझा तळ स्वच्छ दिसला असावा. "कोणी नाही," ती म्हणाली.

 मग तिसऱ्या पंचाने दबक्या आवाजात म्हटले, "आवाज तिघांनी ऐकलाय. झालं असं धरून टाकू. कोण विचारतंय?"

"धरू नका," नोगा आतून म्हणाली. "मी नव्हते."

ग्रुनवाल्ड म्हणाले, "तू नुसती गप्प राहिली असतीस, तरी तुझं काम झालं असतं."

"झालं असतं. मग आई एकटी राहिली असती."

ते तिघे निघून गेले. या वेळी ग्रुनवाल्डांची पावले नीट पडत नव्हती. जिन्यात ते दोनदा थांबले.

नोगा आणि एलियावचे लग्न माझ्याच धाब्यावर झाले. ते यारदेनाने लावले. तिर्झा तिला बोलवायला गेली, तेव्हा यारदेना एवढेच म्हणाली, "या. खरं नसलं तरी चालेल ना?" दोघीही हसल्या नाहीत, पण यारदेना आली. एलियावची आई मांडवाखाली गेली नाही. ती जिन्याशीच उभी राहिली. मात्र मोठे पातेले भरून मांसाचा रस्सा तिनेच आणला होता आणि सगळ्यांना वाढलाही तिनेच. सरकारदरबारी ते लग्न धरत नाहीत.

एकदा भर दुपारी ग्रुनवाल्ड एकटेच आले. अस्तनी वर करून त्यांनी कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. "सांग," ते म्हणाले, "कोण होतं?" मला सांगायचे होते की मलाही माहीत नाही. ते वाट पाहत राहिले. थोड्या दिवसांनी हौद गळतो असे ठरले आणि माझ्या तोंडावर लोखंडी दार बसले. मी कधीच गळलो नाही. सोलिका आता मुलीकडे राहते. पाऊस अजून पन्हळीतून येतो. माझ्या भिंतींवर शेवाळ चढले आहे.

परवा कोणीतरी दाराशी येऊन टेकले. पावलांवरून मी तिर्झाला ओळखले. तिच्या कडेवर एक तान्ही मुलगी होती. आतल्या थेंबांचा आवाज ऐकून ती खिदळत होती. वाटेवरून जाणाऱ्या एका बाईने विचारले, "कोणाची ग ही?"

"नोगाची."

"नोगाची म्हणजे? कोणात धरायची हिला?"

तिर्झाने दारावर हात टेकवला. मग म्हणाली, "माझ्यात धर."

मित्रांनो, हौद बुजला तर दुसरा खोदता येतो. माझे मला फारसे दुःख नाही. पण तुमच्या घरी, तुमच्या गावात कोणी येऊ म्हणत असेल, तर जे विचारायचे ते आधीच विचारून घ्या. हवे तर कडक विचारा. मात्र एकदा आत घेतलेल्या माणसाला पुन्हा उंबऱ्यावर उभे करून 'तू कोण?' असे विचारू नका. तो कोरडाच परत जातो, आणि मग आतून भलतेच कोणीतरी ओ देते.