शहाण्या बॉम्बचा डोळा

मी एक जुना डोळा आहे, मित्रांनो. काचेचा, पापणी नसलेला. मला एका बॉम्बच्या नाकावर बसवलं होतं. त्या बॉम्बला लोक शहाणा म्हणत. डोंबलाचा शहाणा!

माझे पूर्वज आंधळे होते. एक पूल पाडायला विमानं शेकडो बॉम्ब टाकत. पूल तसाच राही आणि शेजारचं गाव बेचिराख होई. मग कुणी बॉम्बला रेडिओवरून वळवायला शिकलं, कुणी लेझरचा ठिपका दाखवून. पुढे उपग्रह वाट सांगू लागले. सेनापती खूश! आता एका घावात काम, शेजारच्या भिंतीला ओरखडा नाही. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणे. अहो, डोक्यात बसली की दोन्ही सारखीच.

मलाही एकदा दूरदेशी एका छपरावर ठिपका दाखवला. खाली शस्त्रांचं कोठार आहे, अशी कुणीतरी खबर दिली होती. मी नाकासमोर गेलो. छप्पर फोडून पडलो, तर आत यंत्रमाग! बॉम्ब फुटला नाही, पण तुटलेला धागा जोडणारी एक बाई त्याच्याखाली चिरडली. कागदावर लिहिलं गेलं, 'नेम अचूक'. थू! मला माझीच शिसारी येते.

बरीच वर्षं ढिगाऱ्याखाली काढली. मग त्या न फुटलेल्या बॉम्बसकट, इतर भंगारासोबत कंटेनरमधून भिवंडीला आलो, टेमघरजवळ कुमारशेठच्या गोदामात. तिथे वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरची बुधी रोजावर भंगार फोडायची. कुठलाही तुकडा फोडण्याआधी ती हातोडीने हलकेच टिचकी मारून कान लावी. पितळ, तांबं, पोकळ, भरीव, सगळं तिला आवाजावरून कळे.

बॉम्बच्या पोटावर तिने टिचकी मारली. आवाज बद्द आला. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं!

"शेठ, ह्यो भरलेला हाय. मी न्हाय फोडनार."

"अगं, आत तांबं असेल. मार हातोडा, गाडी थांबलीय!"

बुधीने मागे वळून पाहिलं. "शेडमंदी कोन कोन बसलंय?"

"तुला काय करायचंय? फोडायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस!"

"न्हाय येत. पन आदी बाया भाईर काढते, मंग तू खुशाल मार."

भाकरी खात बसलेल्या अकरा जणींना तिने हाताला धरून रस्त्यापार नेलं. मग शेठने हातोडा उचलला खरा. पण एकट्याने मारायचा धीर होईना. शेवटी पोलिसांना फोन गेला. बॉम्बनाशक पथकाने मला नाकावरून काढलं आणि ते पोट उघड्या माळावर नेऊन निकामी केलं.

आता मी पथकाच्या काचकपाटात आहे. पाहुणे येतात, "वा! काय अचूक नेम!" म्हणतात. बुधीचं नाव इथे कुठेच नाही, आणि तिचं काम गेलं ते गेलंच.

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवू नका. कुणी नेमाची फुशारकी मारली, तर त्याला एवढंच विचारा, "तिथे कोण कोण बसलंय?" मला सोडणाऱ्या शिकल्यासवरलेल्यांपैकी एकानेही ते विचारलं नव्हतं. बुधीने विचारलं.