फळ्यांवरचा नवा बर्फ

आमच्या तळघराचा वास आधी कुत्र्यांना आला, मग शेजाऱ्यांना, आणि सगळ्यात शेवटी माझ्या नवऱ्याला. हर्मन उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या गावात देवमाशाच्या शिकारीचा कप्तान आहे. कप्तानाला आपल्या घरचा वास उशिराच येतो.

त्याच्या आजोबांनी गोठलेल्या जमिनीत वीस फूट खोल खणलेलं हे तळघर. इतकी वर्षं देवमाशाचं मांस तिथं दगडासारखं टिकलं. यंदा भिंतींना घाम फुटला, मग भिंतीच वाहू लागल्या. एप्रिलमध्ये मी शिडी उतरले तर गुडघाभर काळपट रस्सा, त्यात चरबीचे लिबलिबीत तुकडे आणि वर गुलाबी फेस. मी तिथंच ओकले. त्यानं काही फरक पडला नाही.

दरवर्षी दक्षिणेकडून एक गृहस्थ येऊन भिंतीत तापमापक खोचतात. यंदा त्यांनी नाकावर रुमाल धरून "फार मोलाची माहिती मिळाली" असं सांगितलं आणि आम्हाला एक टोपी दिली.

आमच्याकडे नियम साधा आहे. होडी निघण्याआधी तळघर रिकामं, खरवडलेलं, तळाशी नवा बर्फ अंथरलेला हवा. देवमासा स्वच्छ घर बघूनच स्वतःला देतो. घाण घराच्या कप्तानाकडे तो येत नाही. मग खलाशीही येत नाहीत, आणि कप्तान कप्तान राहत नाही.

तीन दिवस आम्ही बादल्या उपसल्या. केसांत, नखांत, पावात तोच वास. चौथ्या सकाळी पुन्हा गुडघाभर.

"आज एनोककाका बघायला येणार," हर्मन म्हणाला. "फळ्या टाकू आणि वर बर्फ पसरू."

"आणि देवमाशाला काय सांगणार?"

"अगं, तो वरूनच बघतो."

बर्फ मीच फावड्यानं पसरला. दिसायला सुरेख झालं.

एनोककाका गावातले सगळ्यात जुने कप्तान, अंगानं भारदस्त. शिडी उतरून त्यांनी पाय ठेवला.

"वा! पांढरंशुभ्र!" म्हणाले. मग जरा थांबून, "हर्मन, तुझं घर डोलतंय रे."

फळी कलली. काका गुडघ्यापर्यंत आत गेले आणि फेस कंबरेपर्यंत उडाला. हर्मननं ओढून काढलं तेव्हा एक बूट खालीच राहिला होता.

"सूनबाई, तुला ठाऊक होतं?"

"हो काका. बर्फ मीच टाकला."

"तीन दिवस उपसलं हो काका," हर्मन म्हणाला. "पुन्हा भरतंय."

"माझंही भरतंय, गाढवा! मी झाकण उघडं टाकून सगळ्या गावाला दाखवलं. दोन फ्रीझर घेतले, स्वतः पुसले. देवमाशाला चालतात का, ते पाण्यावर कळेल. पण घाणीवर चादर? देवमाशासारख्या पाहुण्याला?"

हर्मननं मान खाली घातली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

आमची होडी यंदा निघाली नाही. काकांनी हर्मनला आपल्या होडीत घेतलं, वल्हं मारायला, सगळ्यात मागच्या जागी. निघताना मी बर्फाच्या कडेला उभी होते. त्यानं दोनदा अंघोळ केली होती. तरी शेजारच्या माणसानं हसून त्याची पाठ थोपटली आणि तोंड वाऱ्याकडे फिरवून घेतलं.